कोरड्या हौदाचे फळीस्वार

श्री. चाकांस नमन, उतारांस नमन, जे पडले आणि अंग झाडोन उठले त्यांस नमन. आपण थोरांनी पुसिले की, मागील काळी फळीस्वारांचे चित्र कैसे निघाले आणि त्या पायी काय गेले, ते साद्यंत सांगावे. तरी ऐकिले तैसे लिहितो, पदरचे घालीत नाही, आणि जेथे मन भरोन येईल तेथे अक्षर हलले तर क्षमा असावी.

शके अठराशे सत्त्याण्णव, राक्षसनाम संवत्सरी, एका राज्यात, ज्याचे नाव लिहिण्याचे प्रयोजन नाही, पर्जन्याने सलग दुसरे वर्षी पाठ फिरविली आणि सरकारातून हुकूम सुटला की, पिण्याखेरीज पाणी कोणी खर्चू नये, बागा वाळल्या तर वाळोत, आणि धनिकांचे बंगल्यांतून जे पोहण्याचे हौद आहेत ते समस्त रिकामे करावे. मग हौद कोरडे जाहले आणि लोक हळहळले की राज्याची शोभा गेली. परंतु कोणाचे दिवस जातात तेव्हा कोणाचे येतात. येथे आले ते फळीस्वारांचे. फळीस्वार म्हणजे काय, तर हातभर लांबीची फळी, तिचे पोटाखाली चार चाके आणि वर उभा मनुष्य. लगाम नाही, रिकीब नाही, घोडा तर नाहीच, आणि तोल गेला तर दोष देण्यास दुसरे कोणी नाही. शहाण्यासुरत्या लोकांनी यांस रिकामटेकडे म्हणावे, कोतवालाने उतारावर गाठोन फळ्या जप्त कराव्या, आणि यांनी दुसरे दिवशी नवी फळी घेवोन त्याच उतारावर हजर व्हावे, ऐसा क्रम चालला होता. यांच्या सरदार गुणाबाई रणपिसे. वय पंचविशीचे आत, अंगाने काटक, गुडघे सदा सोललेले, बोलणे मोजके. आणि यांच्याच मंडळीत लखमोजी डोईफोडे म्हणोन गृहस्थ होते, जे लोकांचे लग्नात कॅमेरा घेवोन हलते चित्र उतरवीत आणि त्यावर पोट भरीत, आणि उरला वेळ फळीवर घालवीत. फळीवर ते बेताचेच होते, हे ते स्वतःच सांगत. परंतु गुणाबाई वळण घेवू लागल्या म्हणजे या गृहस्थांनी आपली फळी थांबवोन पाहावे आणि मनात यावे की, आपण परक्यांची मंगलाष्टके उतरवितो, आणि हे जे डोळ्यांदेखत होते आणि विरोन जाते, ते कोण उतरविणार?

शहराबाहेर टेकडीआड एक बंगला ओस पडला होता. थोरले धनी वारले, धाकटे धनी राजधानीस राहिले, आणि राखणीस म्हादबा नामे वृद्ध एकटे. बंगल्यामागे हौद, तो कैसा, तर कढईसारखा, कोठे कोपरा नाही, तळातून निघालेली फळी भिंत चढोन काठापर्यंत आपोआप जावी. मंडळी कुंपण ओलांडोन आत शिरली आणि हौदात फळ्या फिरू लागल्या, तो म्हादबा काठी उगारोन धावले. त्या क्षणी गुणाबाई अर्ध्या भिंतीवरून कोसळल्या, कोपर फुटले, आणि ओय न करिता फळी शोधोन पुन्हा चढल्या. म्हादबांची काठी तशीच राहिली. मग ते काठावर टेकले आणि म्हणाले, "खेळा. पन ह्या कानाचं त्या कानाला होऊ देऊ नका. धन्याला कळलं तर ह्या वयात मी कुटं जाऊ?" मंडळीने शपथ घेतली आणि कायदा केला तो ऐसा की, हौदाचा ठाव कोणी बाहेर उच्चारू नये, नवा स्वार आणणे तर डोळे बांधोन आणावा, ज्याचे हातून ठाव फुटेल त्याची फळी मोडावी, आणि त्यास जो जामीन राहिला त्याचीही मोडावी. हौदाचे काठाखाली निळ्या फरशीची नक्षीदार पट्टी होती, तीवर चाक चढले की मोठा आवाज होई, म्हणोन मंडळी तीस खडखड म्हणत. ज्याचे चाक खडखडीस लागले तो स्वार, न लागले तो उमेदवार. लखमोजींचे चाक तेथवर कधी पोहोचले नाही.

ऐसे दिवस सुखाचे चालले असता लखमोजींनी मसलतीत विषय काढिला की, चित्र उतरवावे. एकच गलका जाहला. कोणी म्हणाले, हा लग्नातला गडी, उद्या सगळ्या गावाला दाखवील. कोणी म्हणाले, चित्र निघाले की ठाव फुटला म्हणोन समजा. सकळ बोलोन दमले तेव्हा गुणाबाई म्हणाल्या, "माझा डावा गुडघा पायऱ्या उतरताना वाजतो. अजून किती दिवस चढीन मी ही भिंत? घरी विचारतात, काय केलंस एवढी वर्षं? काय सांगू? पडले म्हणून सांगू? लखमाला काढू दे." "आणि ठाव फुटला तर?" ऐसे विचारिले, त्यावर म्हणाल्या, "त्याला जामीन मी." मग मसलत उठली. लखमोजींस त्या रोजी हर्ष जाहला आणि भयही वाटले, कारण आजवर त्यांस कोणी जामीन राहिले नव्हते.

मग त्यांनी आपली युक्ती योजिली. स्वतः फळीवर उकिडवे बसोन, कॅमेरा गुडघ्याखाली धरोन, स्वारामागे त्याच वेगाने धावावे. काठचे झाड ओळखू येईल म्हणोन कॅमेरा खाली. बंगल्याची कौले दिसतील म्हणोन आणखी खाली. टेकडीची धार येते म्हणोन तो तुकडा कापोन टाकिला. म्हादबांस तर पार कुंपणाशी बसविले. चित्रात काय राहिले, तर हौद, स्वार आणि वर आभाळ. आभाळावरून ठाव कोणास कळणार, ऐसे म्हणोन लखमोजी निश्चिंत जाहले. आणि एके दिवशी, उन्हे कलती असता, गुणाबाई तळातून निघाल्या, भिंत चढल्या, खडखड वाजली आणि थांबली. थांबली याचा अर्थ, चाके काठ सोडोन वर गेली, आजवर जे कोणी केले नव्हते ते घडले. एक हात काठावर टेकला, फळी पायांशी, चारही चाके आभाळात फिरतात, आणि मग पुन्हा खडखड, आणि त्या तळाशी उभ्या. कोणी टाळी वाजविली नाही. कुंपणापासून म्हादबा धावत आले आणि एवढेच म्हणाले, "आगं बया!" लखमोजींचे डोळे भरोन वाहत होते, परंतु कॅमेरा धरिलेला हात हलला नाही. पुढे ते सांगत की, माझ्या आयुष्यात त्या हाताने केलेले तेवढे एक काम चोख.

चित्र सिद्ध जाहले आणि राजधानीचे नाटकगृहात दाखविण्याचे ठरले. मंडळी धुतली वस्त्रे लेवोन गेली. गुणाबाई मात्र दारापर्यंत आल्या आणि पायरीवर बसल्या, म्हणाल्या, "तुम्ही जा आत. मला मी बघवणार नाही." आत दिवे मालवले, पडद्यावर स्वार धावू लागले, आणि ज्या लोकांनी यांस रिकामटेकडे म्हटले तेच लोक खुर्चीचे कडेस सरकले. गुणाबाई काठावरोन गेल्या तेव्हा सगळे गृह उठोन उभे राहिले आणि टाळ्यांनी छत दणाणले. कोतवाल पुढील रांगेत होते, तेही उठले, मग चपापोन बसले. लखमोजींस वाटले, जन्माचे सार्थक जाहले. आता यांस कोणी काही म्हणणार नाही.

दिवे लागले, आणि एक उमदे गृहस्थ वाट काढीत लखमोजींपाशी आले. डोळे लाल जाहलेले. लखमोजींनी मानिले, हेही स्वारी पाहोन गहिवरले. ते म्हणाले, "आपण ते हंस काढलेत. फार उपकार झाले." लखमोजी म्हणाले, "कसले हंस?" "काठाखालचे. निळे. बाबांनी मुद्दाम घडवून आणले होते. मी लहानपणी एकेक हंस धरत धरत पोहायला शिकलो. आई समोर बसायची. म्हणायची, पुढच्या हंसापर्यंत ये, मग जेवायला वाढते." लखमोजींच्या पायांखालची जमीन सरकली. झाड लपविले, कौले लपविली, टेकडी कापिली. परंतु त्या फरशीवर हंस आहेत हे मंडळीत कोणी पाहिलेच नव्हते. इतके दिवस तीवरोन चाके गेली, आवाज तेवढा ऐकिला. हौद पाण्याचा असतो, त्यात कोणी कधी पोहले असेल, कोणाचे बाळपण त्यात असेल, हे त्या मंडळीचे ध्यानीच आले नाही. ते गृहस्थ म्हणजे बंगल्याचे धाकटे धनी. ते म्हणाले, "जागा कुठली ते सांगू नका. आमचा हौद मी ओळखणार नाही का?"

धाकटे धनी वाईट मनुष्य नव्हते, हे लिहिणे भाग आहे. त्यांनी म्हादबांस एक शब्द बोलिला नाही, उलट पगार वाढविला. त्यांचे मन त्या चित्राने उचंबळले आणि ते मुलाबाळांसह बंगल्यास राहावयास आले. पुढले साली पर्जन्यही बरा जाहला आणि सरकारी बंदी उठली. मग हौद घासोन लख्ख केला, आणि काठोकाठ पाणी भरिले. भरल्या दिवशी त्यांनी फळीस्वारांस आदराने बोलाविले आणि म्हणाले, "तुमच्यामुळे हे घर पुन्हा उघडलं. हा हौद तुमचाच समजा. केव्हाही पोहायला या." मंडळी काठावर ओळीने उभी होती. पाण्यात धन्याची मुले उड्या मारीत होती आणि हसत होती. गुणाबाई नम्रपणे म्हणाल्या, "आम्हांला पोहता येत नाही." धनी हसले, त्यांस विनोद वाटला. म्हादबा तोंड फिरवोन कुंपणाकडे गेले.

दुसरे दिवशी मसलत बसली. कायदा सर्वांस ठाऊक होता. लखमोजींनी आपली फळी आपणच मध्ये ठेविली. कोणी मोडावयास उठेना, तेव्हा पाय ठेवोन स्वतः मोडिली. मग गुणाबाई उठल्या. सकळ ओरडले, "आक्का, तुम्ही नको! तुमचा काय दोष?" त्या म्हणाल्या, "जामीन कोण होतं?" आणि जिने त्यांस आभाळ दाखविले ती फळी दगडावर आपटोन तिचे दोन तुकडे केले. तो आवाज ऐकोन लखमोजींचे काळीज फाटले. त्यांनी चित्राची रिळे पिशवीतून काढिली, जमिनीवर टाकिली, आणि काडेपेटी काढोन म्हणाले, "आक्का, ह्याच्यापायी सगळं गेलं. हे ठेवून काय करू?" काडी पेटली. गुणाबाईंनी त्यांचे मनगट धरिले, ऐसे धरिले की काडी विझली. "अरे वेड्या," त्या म्हणाल्या, "हे जाळलंस तर आपला हौद राहील कुठं?" लखमोजी तेथेच बसोन लहान लेकरासारखे रडले.

पुढे मंडळी पांगली. कोणी दुसरे उतार शोधिले, परमुलखातून स्वार आले, ते चित्र पाहोन वळणे शिकले, आणि फळीचा खेळ राज्यभर जाहला. आता कोतवालाचा नातूही फळी घेवोन फिरतो. गुणाबाईंनी पुन्हा फळी घेतली नाही. त्या एका छापखान्यात कामास राहिल्या, आणि चित्राचा विषय निघाला की उठोन जात. बहुत काळानंतर एके दुपारी त्या लखमोजींचे घरी आल्या, जिना चढताना कठड्यास धरोन चढल्या, आणि म्हणाल्या, "लखमा, दाखव." लखमोजींनी खिडक्या लाविल्या, भिंतीवर चादर ताणिली, यंत्र सुरू केले. गुणाबाई पाटावर बसल्या होत्या, तोंडावर काही दिसेना. मग त्या काळोखात लखमोजींची दृष्टी खाली गेली. बाईंचे पाऊल जमिनीवर हलत होते. चादरीवरची स्वार डावीकडे झुकली की टाच दबे, उजवीकडे वळली की बोटे दबत, आणि ती भिंत चढू लागली तेव्हा तो वाजणारा गुडघा हळूहळू वाकत गेला. रीळ संपले. चादर पांढरी जाहली. बाईंनी पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "मी अशी होते होय रे? पुन्हा लाव."

इत्यर्थ इतकाच की, हौद गेला ऐसे नाही. आहे, पाणी आहे, मुले पोहतात, सुखी आहेत. फळीस्वारांचा हौद तेवढा चित्रात राहिला. चित्राने तो घेतला की राखिला, याचा निवाडा लखमोजींस जन्मभर जाहला नाही. आम्हांसही होत नाही. आता दौत झाकितो. कळावे.