सात वारांचा आकडा

“तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा, विसरू नका,” असं दोनदा बजावून बायको भाजी आणायला गेली. पहिली शिट्टी झाली आणि रिटायर झालेले गणिताचे सर समोरच्या दंतवैद्याला आपला लाडका आकडा समजावायला बाहेर आले. मागे दार आपोआप बंद झालं. सर निर्धास्त होते, कारण नंबरचं कुलूप त्यांनीच हट्टाने बसवलेलं.

“डॉक्टर, एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न! सहापर्यंत कशानेही गुणा, तेच सहा अंक, त्याच क्रमाने, फक्त सुरुवात वेगळीकडून. आणि सातने गुणलंत की सगळे नऊ! मी रोज सकाळी पेपरवरचा वार बघून नंबर बदलतो. सोमवारी एकपट, मंगळवारी दुप्पट, रविवारी सातपट. चोराच्या बापालाही उघडायचं नाही.”

“आणि तुम्हाला?” तोंडातला ब्रश सांभाळत दंतवैद्याने विचारलं.

आतापर्यंत दार बायकोच उघडत आली होती, पण हे सांगण्यात अर्थ नव्हता. दुसरी शिट्टी झाली. सरांनी गुरुवारचा ५७१४२८ दाबला. लाल दिवा लागला.

“सर, आज शुक्रवार.”

“हां, बरोबर! शुक्रवारच.” सरांनी ७१४२८५ दाबला. पुन्हा लाल. तिसरी शिट्टी झाली.

दंतवैद्याने मोबाईलवर गुणून पाहिलं. गुणाकार चोख होता. “मग सगळे नऊ दाबून बघायचे का?”

“आज रविवार आहे का? गणितात मनाला येईल ते चालत नाही, डॉक्टर!” सरांनी शुक्रवारचाच नंबर एकेक अंक मोठ्याने म्हणत दाबला. तीनदा चुकल्यावर कुलूप पाच मिनिटं रुसतं, तसं ते रुसलं.

दंतवैद्याने काकूंना फोन लावला. तो आत ओट्यावर वाजला, चौथ्या शिट्टीच्या जोडीने. सरांनी मनात हिशेब मांडला. कुकर फुटला तर स्वयंपाकघर जाईल, आणि त्याहून वाईट म्हणजे तेवढ्यात बायको येईल. आठव्या शिट्टीला करपल्याचा वास आला. नंतर शिट्ट्याही थांबल्या. पाच मिनिटं संपताच सरांनी पुन्हा शुक्रवारचाच नंबर दाबला. पुन्हा लाल.

जिन्यावर चपला वाजल्या. बायकोने नाक वर करून वास घेतला, सरांकडे पाहिलं, पिशवी खाली ठेवली आणि सहा वेळा नऊ दाबला. दार उघडलं. तिने धावत जाऊन गॅस बंद केला.

“अगं, पण आज शुक्रवार!” सर मागोमाग आत येत म्हणाले.

“असेल. तुम्ही सकाळी नंबर बदलून आंघोळीला गेलात की मी परत सगळे नऊ करते. ते पाढे कोण लक्षात ठेवणार?”

“कधीपासून?”

“कुलूप बसवल्यापासून. आठ महिने झाले.”

“रोज रविवारचा नंबर?” सरांनी वळून कुलपाकडे पाहिलं.

“मग? तुम्ही रिटायर झाल्यापासून या घरात रोज रविवारच आहे. तुमचा.” तिने उरलीसुरली वाफ सोडून कुकरचं झाकण काढलं. तळाशी बटाट्यांचा कोळसा झाला होता. तिने घासणी सरांच्या हातात दिली.

दंतवैद्य हळूच आपल्या घरात सटकला. सरांनी बाह्या वर केल्या. आठ महिन्यांत पहिल्यांदाच शुक्रवार उजाडला होता.