खोलापुरे गुरुजींचा घराचा पाठ

खोलापुरे गुरुजींच्या शेजारी जेवायला बसायचं म्हणजे अन्न निवण्याची तयारी ठेवावी लागे. पानात भात पडला की ते तो बोटांनी पलीकडच्या कडेला ढकलून त्याचा लांबट डोंगर करीत. हा मेळघाट. त्याच्या टोकावर लिंबाची फोड, हा चिखलदरा. अलीकडच्या कडेला भाकरीचे तुकडे रचून बालाघाट उभा राही. मधली मोकळी जागा म्हणजे पायनघाट, वऱ्हाडचं सपाट खोरं. मग वाढप्याला हुकूम सुटे, "महाराज, वरण अथून सोडा. हळू, हळू! पूर्णा उगमापाशी बारीक असते."

आपण ताटाला टेकण लावतो ते वरण एका जागी राहावं म्हणून. गुरुजी लावत ते वाहावं म्हणून. पूर्णा पश्चिमेकडे वाहते, त्यामुळे टेकण नेहमी पूर्वेला. एकदा महाराजांनी घाईत पळीभर वरण एकदम ओतलं, तर गुरुजी केवढ्याने ओरडले, "बुडालं! अकोला बुडालं!" मी अकोल्याचा. नाही म्हटलं तरी मी दचकलो.

ही गोष्ट वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं तेव्हाची. अमरावतीला मास्तर लोकांच्या ट्रेनिंग शाळेत आम्ही एका खोलीत राहत होतो. मला नुकती मिशी फुटलेली आणि गुरुजींच्या मिशा पांढऱ्या होत आलेल्या. चांदूर बाजाराकडच्या एका खेड्यात ते कित्येक वर्षं बिनट्रेनिंगचे मास्तर होते. मग एके दिवशी वरून हुकूम आला, की पास होऊन या, नाहीतर शाळा ट्रेनिंगवाल्याला देऊ, तुम्ही घरी बसा. म्हणून हा बाप्या आपली वळकटी आणि पितळी लोटा घेऊन आम्हा पोरांच्यात येऊन बसला होता.

आम्हाला शिकवायचं कसं हे शिकायचं होतं. जवळच्या सराव शाळेतल्या पोरांवर आमचे प्रयोग चालत. आदल्या दिवशी पाठाचं टाचण काढायचं, प्रस्तावना कुठे, प्रश्न कुठे, फळा कधी पुसायचा, सगळं त्यात लिहायचं, आणि मग सुपरिंटेंडंटसाहेबांसमोर पाठ द्यायचा. साहेब पुण्याकडचे. त्यांचं बोलणं इस्त्री केलेलं. आमचं बोलणं ऐकलं की त्यांच्या कपाळाला आठी पडे, आणि खोलापुरे गुरुजी उभे राहिले की ती आठी पाठ संपेपर्यंत जात नसे.

कारण गुरुजींचा एक नियम होता. पाहिल्याशिवाय सांगायचं नाही. 'दळणवळणाची साधने' हा पाठ वाट्याला आला तेव्हा ते रविवारी पायी बडनेऱ्याला गेले, तिथे खरोखरच दोन लोहमार्ग एकमेकांना मिळतात की नाही ते पाहिलं आणि संध्याकाळी धुळीने भरलेले परत आले. "हाये," म्हणाले. "पाहून आलो. आता सांगाले हरकत नाई."

समुद्राच्या पाठाला मात्र पंचाईत झाली. टाचणात समुद्राच्या जागी कोरं ठेवलेलं.

"खोलापुरे, इथे समुद्राचं वर्णन का नाही?" साहेबांनी विचारलं.

"म्या पाह्यला नाई साहेब. पाह्यल्याबिगर सांगू कसं?"

"अहो, मग काय मुंबईला पाठवू तुम्हाला?"

"रजा देसान तं जातो."

रजा मिळाली नाही. गुरुजींनी वर्गात सरळ सांगून टाकलं, "पोट्टेहो, समुद्र हाये म्हणते. म्या पाह्यला नाई. साहेबाईनं पाह्यला असंन, त्याईले पुसा." सगळा वर्ग मान वळवून साहेबांकडे बघू लागला.

इतिहासाची तर त्याहून बिकट कथा. "मेलेल्या मान्साले पाहू कसं?" हा त्यांचा प्रश्न होता. शेवटी 'पूर्वीचे दिवस' या पाठाला त्यांनी शाळेच्या बागेतल्या माळ्याची म्हातारी आई हाताला धरून वर्गात आणली, खुर्चीवर बसवली आणि मुलांना म्हणाले, "हा इतिहास. इचारा." मुलांनी विचारलं, आगगाडी नव्हती तेव्हा काय होतं? म्हातारी म्हणाली, तेव्हा सुना बऱ्या होत्या. तिथून जी ती आपल्या सुनेवर घसरली ती तास संपेपर्यंत. साहेबांनी शेरा लिहिला, 'विषयांतर'. गुरुजी त्या शेऱ्यावर बराच वेळ विचार करत बसले. "इषय तं तोच होता," शेवटी म्हणाले.

हसायला आम्हाला दुसरं काही लागत नसे. पण एक कबूल केलं पाहिजे, नकाशा शिकवावा तर त्यांनीच. भिंतीवरचा मध्यप्रांत-वऱ्हाडचा नकाशा ते काढून भुईवर अंथरत, उत्तर उत्तरेला लावत आणि पोरांना भोवती बसवत. भिंतीवर टांगला की पोरांना वाटतं उत्तर म्हणजे आभाळात, असं त्यांचं म्हणणं. "अचलपुरावर पाय देऊ नको रे, लोक राह्यते तथी," असं ते पोराला म्हणत, आणि पोरगं खरोखर घाबरून पाय उचले.

वार्षिक परीक्षेचे पाठ चिठ्ठ्या टाकून ठरत. मला आली 'वऱ्हाडातील नद्या'. गुरुजींना आली 'आपले घर व घरातील माणसे, इयत्ता पहिली'. आम्ही त्यांची पाठ थोपटली. याच्यापेक्षा सोपा पाठ पुस्तकात नव्हता. दिवा, चूल, आई, बाप, झालं.

दुपारी मात्र गुरुजी मला बाजूला घेऊन म्हणाले, "बापू, तुह्या नद्या मले दे. हे तू घे."

मी साहेबांकडे गेलो. साहेबांनी नियम दाखवला. चिठ्ठी बदलता येत नव्हती.

मी परत आलो तेव्हा ते कोऱ्या टाचणासमोर बसले होते. मी चेष्टेने म्हणालो, "काहून गुरुजी, घर बी पाह्यलं नाई का तुमी?"

"पाह्यलं ना," ते म्हणाले. "पडवीतून पाह्यलं."

मग जे त्यांनी सांगितलं ते मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. आईबाप ते पाळण्यात असतानाच गेले. चुलत्याने अमरावतीला आणून सोडलं, आणि शाळा होईपर्यंत ते वार लावून जेवले. सोमवारी एका वकिलाकडे, मंगळवारी एका भटजीकडे, असं रोज निराळ्या घरी.

"बायका वाढाच्या चांगल्या, नाई म्हणत नाई. पन पान पडवीत. आतून हासाचा आवाज याचा. काहून हासून राह्यले, हे कोनाले पुसू? जेवलो का पान उचलाचं, शेण फिरवाचं अन चालाले लागाचं. मंग शाळा भेटली तं शाळंतच पथारी टाकली."

"अन लग्न?"

"आला होता ना एक पोरीचा बाप. घर दाखवा म्हणे. म्या शाळा दाखवली. पयली दाखवली, दुसरी दाखवली. परत आला नाई तो." ते हसले. मग टाचण दुमडून म्हणाले, "नापास झालो तं म्हणते घरी बसा. कुठी बसू, सांग."

आम्हाला वाटत होतं त्यांची नोकरी जाईल. त्यांचं निजायचं ठिकाण जाणार होतं. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी पाठ. परीक्षक मागच्या बाकावर, शेजारी साहेब आपल्या आठीसकट. आम्ही खिडकीशी. गुरुजी हातात खडू घेऊन पोरांसमोर उभे राहिले आणि त्यांना येत नव्हतं ते विचारू लागले.

"रामा, तुह्या घरी सांच्याले दिवा कोन लावते?"

"आजी."

"तिले दिसते?"

"नाई. चाचपून लावते."

"मंग दुसरं कोनी काहून लावत नाई?"

"ते लावूच देत नाई कोनाले."

वर्ग हसला. गुरुजी हसले नाहीत, त्यांना पुढचं ऐकायचं होतं. "अन जेवाले सगळे संगच बसता?"

"बाबा उशिरा येते बजारातून," एक भाजीवाल्याचं पोर म्हणालं. "माय त्याईचं झाकून ठेवते."

"अन तिचं?"

"ते बी थांबते."

"भूक लागली तरी?"

"हाव."

"बरं. तुमी बाहीरून घरी गेले का पयले काय होते?"

"माय आतूनच म्हणते, आला का?"

"तिले दिसता तुमी?"

"नाई जी. पायाच्या आवाजानं समजते तिले."

"आमच्या घरी बी म्हणते!" "आमची बुढी म्हणते!" सगळ्या वर्गाचे हात वर. गुरुजींनी वळून फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'आला का?' तेवढ्यात पुढच्या रांगेतलं एक टिल्लू पोर उभं राहिलं. "गुरुजी, तुमाले कोन म्हणते?"

गुरुजींनी फळ्याकडे तोंड केलं आणि एवढीच एक ओळ होती ती पुसायला लागले. पुसून झाली तरी पुसत होते. तास संपल्याची घंटा झाली म्हणून बरं.

निकालात ते सगळ्यांच्या वर. 'शिक्षकाने स्वतः काहीही न सांगता सर्व ज्ञान मुलांच्याच तोंडून काढून घेतले, प्रश्नपद्धतीचा उत्तम नमुना,' असा परीक्षकांचा शेरा. साहेबांची आठी पहिल्यांदाच गेली. आम्ही गुरुजींना उचलायला धावलो, तर ते चिडले. "म्या काई काढून नाई घेतलं. मले मालूम नोतं म्हणून पुसलं!" ते कोणी ऐकून घेतलं नाही. आता साहेब तेच प्रश्न टाचणात उतरवून पुढच्या वर्षीच्या मास्तरांना शिकवणार होते.

पुढे मी अकोल्याला नोकरीला लागलो. काही वर्षांनी चांदूर बाजाराला एका लग्नाला जाणं झालं, तेव्हा वाट वाकडी करून गुरुजींच्या खेड्यात गेलो. सकाळची वेळ. शाळेच्या दारात गुरुजी उभे, मिशा आता पुऱ्या पांढऱ्या. येणाऱ्या प्रत्येक पोराला म्हणत होते, "आला का रे? आली का, बाई?" पोरं "आलो जी" म्हणून आत पळत. मी दिसलो तर मलाही तसंच, "आला का बापू?" मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

दिवसभर शाळा पाहिली. संध्याकाळी पोरं आपापल्या घरी गेली आणि ती जागा फार शांत झाली. गुरुजी माझ्यासाठी दूध आणायला गवळ्याकडे निघाले. "तू बस अंदर," म्हणाले. आत कोपऱ्यात तीच वळकटी होती. भुईवर नकाशा अंथरलेला होता, म्हणून मी भिंतीला टेकून बसलो. बाहेर अंधारायला लागलं. इतकी वर्षं हा माणूस रोज या वेळी या खोलीत एकटा येत असेल, असं मनात आलं आणि मला बसवेना.

मग अंगणात वहाणांचा आवाज आला. मी आतूनच विचारलं, "आले का गुरुजी?"

वहाणा थांबल्या. मी उठून दाराशी गेलो, तर गुरुजी दुधाचा लोटा दोन्ही हातांत धरून उंबऱ्याबाहेर उभे होते.

"हाव," ते म्हणाले. "आलो."