खांबेट्यांच्या फ्रिजला बाधलेली थंडी

अत्यंत जड अंतःकरणाने जाहीर करतो, की गेल्या जानेवारीत जपानातल्या आमच्या ग्योतोकुमध्ये एका फ्रिजला थंडी बाधली. उपचार म्हणून त्याला हीटर लावण्यात आला. रुग्णाच्या उशाशी त्याचे मालक श्रीयुत खांबेटे दोन स्वेटर, कानटोपी आणि वर रजई अशा थाटात बसले होते. मी स्वतः पाहिलं. हसलोही, पण तोंड फिरवून.

खांबेटे आमचे शेजारी, वय साठीच्या आसपास. इथे कंत्राटावर आलेली पुण्या-मुंबईची कुटुंबं काही वर्षांत परत जातात. हे राहिले. बायको मुलीच्या शाळेसाठी म्हणून पुण्याला गेली आणि तिथेच रमली. आता रविवारी फोनवर भेटते. भाड्याच्या जुन्या घराखाली गॅरेज आहे. त्यात गाडी नाही, फ्रिज आहे.

आपल्या लोकांचा रिवाज असा, की परत जाताना भांडी वाटून टाकायची आणि फ्रीझरमधलं सगळं खांबेट्यांच्या गळ्यात घालायचं. खवलेलं खोबरं, आमरस, कढीपत्ता. "काका, आम्ही येतोच आहोत वर्षभरात, तोवर सांभाळा हं." निघताना माणसं काहीही बोलतात. हा माणूस ते ऐकून घेतो, एवढाच त्याचा दोष.

एका गणपतीत मी मोदकांसाठी त्यातलं थोडं खोबरं मागितलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवळाच्या दानपेटीत हात घातला होता.

"ठेव आहे ती, राव! खाऊ नाही!"

मग पार एदोगावातल्या भारतीय दुकानापर्यंत सायकल मारत गेले आणि माझ्यासाठी ताजा नारळ घेऊन आले. पैसे विचारले तर रागावले.

तर त्या जानेवारीत सकाळी सकाळी त्यांनी आमची बेल बडवली. तोंडातून वाफा निघत होत्या.

"राव, वितळतंय!"

"काय वितळतंय? बाहेर हातपाय गोठतायत."

"फ्रीझर!"

मी जाऊन पाहिलं. त्या जुन्या फ्रिजचा थंडी मोजणारा भाग खालच्या कप्प्यात. गॅरेज इतकं गार, की त्याला वाटलं काम झालं. यंत्र स्वस्थ पडलेलं आणि वर फ्रीझरमध्ये घाम फुटलेला.

"म्हणजे फ्रिजला ऊब दिली की बर्फ टिकेल?" खांबेटे म्हणाले.

"हो. नाहीतर फ्रिज वर घरात न्या."

"त्या जिन्यातून मी सरळ चढत नाही, तो कुठला चढणार!"

घरात हीटर एकच. तो खाली गेला. खांबेटे वर ऑफिसच्या ओव्हरकोटात जेवू लागले.

"फेकून द्या हो सगळं," मी म्हणालो.

"फेकून? या आठवड्यात नेने येतायत! मीनलच्या आईने केलेल्या पुरणपोळ्या आहेत आत. जशाच्या तशा हातात द्यायच्या आहेत."

इथून परत गेलेल्यांपैकीच हे नेने नवराबायको. ते आले. राहायला नव्हे, समीरच्या मीटिंगा होत्या, उतरले होते हॉटेलात. बरोबर मीनल. खांबेट्यांनी चहाला मलाही बोलावलं होतं. वरच्या खोलीत आम्ही कोट न काढता चहा प्यायलो. मीनल मधूनमधून हातावर हात चोळत घड्याळ बघत होती. ती उठली तसे खांबेटे लगबगीने खाली गेले आणि शटर वर करून पिशवी घेऊन उभे राहिले. पोळ्या लाकडासारख्या कडक. चेहऱ्यावर परीक्षेत पहिला आल्याचा आनंद.

"अय्या! या अजून आहेत?" मीनल म्हणाली. "काका, कुणी खाईल का आता? टाकून द्या!"

"म्युझियम काढा, काका," समीर म्हणाला. तो चांगला मुलगा आहे. गमतीनंच म्हणाला.

खांबेट्यांनी पिशवीवरचं हिव बोटाने पुसलं.

"आज कसं टाकणार? आज जळाऊ कचरा नेण्याचा वार नाही."

"मग कधी आहे?"

"परवा."

"मग परवा टाका. आमचं काय, उद्या सकाळी विमान." ती हातमोजे चढवू लागली.

खांबेटे एकदम ओरडल्यासारखे बोलले. रस्त्यावरून सायकल नेणाऱ्या जपानी आजीबाईसुद्धा थबकल्या.

"मग परवापर्यंत थांबा ना तुम्ही!"