अबू कुसयचा तिसरा मजला

झुहैर मास्तरांनी सकाळपासून अबू कुसयचं घर अकरा वेळा बांधलं आणि अकराही वेळा ते कोसळलं. घर टॅबलेटवरच्या खेळातलं होतं, पण मास्तरांची काळजी खरी होती.

निवृत्त झालेला नवरा घरी बसून बायकोला स्वयंपाक शिकवायला लागतो. त्यावर उतारा म्हणून लेकीनं, लमीसनं, त्यांना हा खेळ लावून दिला होता. पडदाभर बारीक ठिपके. वाळू ओघळते, पाणी उतार शोधतं, लाकूड पेटतं, सिमेंट घट्ट होतं, मीठ पाण्यात विरघळतं. मास्तरांनी आधी धरण बांधलं, मग झुलता पूल, मग ज्वालामुखीच्या आचेवर चालणारं हमाम, म्हणजे गरम पाण्याचं न्हाणीघर. लमीसचं कुसयशी जुळतंय म्हटल्यावर त्यांनी तिचं झर्का शहरातलं होणारं सासरच बांधायला घेतलं. खाली दोन मजले, वर कुसयचा बाप, अबू कुसय, मुलासाठी चढवणार होता तो तिसरा, आणि गच्चीवर पाण्याच्या टाक्या. टाक्या भरल्या की थोडं पाणी खांबांवरून ओघळायचं, खांब खचायचे आणि ठिपक्यांच्या माणसांसकट सगळं घर खाली यायचं. बटण दाबलं की तेच घर पुन्हा उभं राहायचं.

"अहो, ठेवा ते बाजूला," बायको, इन्साफ, म्हणाली. "चाळीस माणसं येतायत मागणी घालायला."

"तिचं घर पडतंय, इन्साफ."

"खेळात पडतंय."

"पाण्याला खेळ कळत नाही," मास्तर म्हणाले.

चारला मंडळी आली. बायका आतल्या खोलीत गेल्या, पुरुष बाहेर भिंतीला लागून बसले. त्यांच्यातले वडीलधारे अबू सख्र यांनी दोन्ही घराण्यांची तोंड भरून स्तुती केली, कॉफीचा पेला उचलला आणि न पिताच समोर ठेवला.

"मास्तर, तुमची लमीस आमच्या कुसयला द्या. तुम्ही हो म्हणेपर्यंत ही कॉफी आम्हाला वर्ज्य."

आता मुलीच्या बापानं एवढंच म्हणायचं असतं, की कॉफी प्या. आजोबा-पणजोबांपासून सगळे बाप तेच म्हणत आलेत. मास्तरांनी घसा साफ केला.

"तिसऱ्या मजल्याचे खांब कशाचे आहेत?" त्यांनी विचारलं.

अबू सख्र यांनी आजवर शे-दोनशे मुली मागितल्या असतील, पण कुठल्या बापानं खांबांचा विषय काढला नव्हता. कुसय तर पांढराफटक झाला.

"मास्तर, मी बावीस वर्षं घरं बांधतोय," अबू कुसय म्हणाला.

"मग हे बघा."

मास्तरांनी टॅबलेट पुढे करून टाक्या भरल्या. खांब खचले, घर बसलं, आणि दुसऱ्या मजल्यावरचा एक हिरवा ठिपका घरंगळत रस्त्यावर आला.

"हे कोण?" अबू कुसयनं विचारलं.

मास्तरांना खोटं बोलायची सवय नव्हती. "तुमची मंडळी, कुसयची आई," ते म्हणाले.

अबू कुसय उठला. त्याच्यापाठोपाठ सगळे पुरुष उठले. कॉफी न पिता पाहुणे दाराबाहेर पडले, की लग्न मोडलं असं समजायचं. कुसय बापाची बाही धरून उभा राहिला. तेवढ्यात कुसयचा मामा टॅबलेटवर वाकून म्हणाला, "टाक्या मधोमध घेऊन बघा की."

"टाक्यांना काय धाड भरलीय?" अबू कुसय गरजला. "खांब काडीसारखे काढलेत यांनी. आणा इकडे."

बसला तो मांडी ठोकून. खांबावर बोट टेकवून ओढलं की तोच खांब रुंद होतो, हे मास्तरांनी त्याला दाखवलं. त्यानं खांब दुप्पट केले. घर पडलं. तिप्पट केले. पडलं. कुणी म्हणालं कमानी काढा, कुणी म्हणालं गच्चीला फुगे बांधा. सगळं करून झालं आणि सगळं पडलं.

"कॉफीचं काय?" अबू सख्र यांनी विचारलं. कुणाचं लक्ष नव्हतं.

सातव्यांदा घर पडलं तेव्हा अबू कुसयच्या कपाळावर घाम होता. "बावीस वर्षं," तो पुटपुटला. मग टॅबलेट खाली ठेवून म्हणाला, "मजला राहू दे. पोराची नोकरी इथं अम्मानलाच आहे. इथंच घर घेऊन राहू देत दोघं."

"मग प्या कॉफी," मास्तर म्हणाले.

अबू सख्र यांनी ती गार कॉफी एका घोटात संपवली.

लग्न पक्कं केल्याची फातिहा वाचून झाली, कुनाफ्याची मिठाई आली. मास्तरांनी सहज म्हणून खांबावर दोनदा टिचकी मारली. खेळात तसं केलं की वस्तूचं नाव दिसतं. नाव आलं, मीठ. आपण तर सिमेंट घातलं होतं, मास्तरांना पक्कं आठवत होतं. ताट घेऊन लमीस समोर उभी होती.

"खांब मिठाचे कुणी केले?" त्यांनी हळूच विचारलं.

"बाबा, खालच्या मजल्यावर सासूबाई राहतात," लमीस तितक्याच हळू म्हणाली.

पलीकडे अबू कुसय फोनवर गवंड्याला सांगत होता, "काम थांबव. आणि आपण बांधलेल्या सगळ्या घरांचे खांब उद्या तपासायचे, एकूण एक."

खरं सांगून टाकायला मास्तर उठले आणि त्यांनी तोंड उघडलं. इन्साफनं त्यात कुनाफ्याचा मोठा तुकडा कोंबला.

"एकोणीस वर्षं मी तुमच्या आईच्या वरच्या मजल्यावर काढली," ती म्हणाली. "तेव्हा असला खेळ नव्हता. खा गुपचूप."

मास्तर खाली बसले आणि गुपचूप खाऊ लागले.