रोडग्यांच्या पंगतीत मंडळ वाचले त्याची हकीकत

अखंडित-अर्जविनंती-अलंकृत अकोलेकर रयतेचे सेवेसी विज्ञापना ऐसी जे, शके एकोणीसशे शेचाळीस, फाल्गुन मासी, नागरिक हक्क मंडळावर दुहेरी संकट गुदरले, तो मजकूर जैसा घडला तैसा लिहिला आहे. ज्यांनी रोडगे खाल्ले त्यांचे जबानीवर भरवसा थोडका ठेविला, ज्यांनी वाढले त्यांचे जबानीवर अधिक.

मंडळाच्या सरनोबत सुरैय्याबी, शिवणकामात नामांकित. चिटणीस राजश्री पंजाबराव, एसटीचे निवृत्त कंडक्टर. वस्तीतील सरकारी बाळंतपणाचा दवाखाना मोडून तेथे दुकानांचे गाळे काढावे, ऐसी मसलत वरिष्ठांत जाहली, तेव्हा मंडळाने हायकोर्टी दावा लाविला आणि दवाखाना तूर्त तगला. सुरैय्याबींची सून जेबा हिला आठवा मास, आणि दुसरा दवाखाना शहराचे पार दुसऱ्या टोकास, याजमुळे कोर्टाचे तारखांवर त्यांचे लक्ष फार.

मग नोंदणी कचेरीतून फर्मान सुटले की, मार्चअखेर आमसभा भरवून पदाधिकारी निवडावे, न भरविल्यास मंडळाची नोंदणी रद्द. नोंदणी गेली म्हणजे मंडळ मेले, आणि मेल्या वादीचा दावा कोर्ट कैसा ऐकेल? आणि त्याच हप्त्यात दुसरे फर्मान सुटले की, शहरी व पंचक्रोशीत शांतता राखणेकारणे पाच किंवा अधिक इसमांनी जमू नये. पंजाबराव दोन्ही कागद घेऊन ठाणेदारसाहेबांपाशी गेले. ठाणेदारांनी दोन्ही वाचिले, चहा पाजिला, आणि आज्ञा केली की, दोन्ही पाळावे.

मग सुरैय्याबींनी जमावबंदीचे फर्मान तळापर्यंत वाचिले, जे आजवर कोणी केले नव्हते, फर्मान लिहिणारासुद्धा धरून, आणि तेथे बारीक अक्षरी लग्न, मयत व देवकार्य यांस माफी आढळली. लग्न कोणाचे ठरले नव्हते आणि मरावयास कोणी राजी होईना. सबब पंजाबरावांनी नवस बोलिला की, मंडळ तगल्यास म्हसोबास रोडगे, आणि तगण्यापूर्वीच फेडावयास काढिला. म्हसोबाने हरकत घेतली नाही.

रविवारी पंजाबरावांचे शेतात लिंबाखाली गोवऱ्या पेटल्या, निखाऱ्यांत कणकेचे रोडगे भाजले, वांग्याची भाजी रटरटली, आणि समस्त सभासद मांडी घालून बसले. पत्रावळ मांडिता चिटणीसांनी नाव घ्यावे, तीच हजेरी. वरण वाढिता सालाचा हिशेब वाचिला. इतक्यात ठाणेदारसाहेब गाडी घेऊन चालून आले आणि मंडळाची फौज थरारली. पंजाबरावांनी वरणाची बादली न सोडिता म्हटले, "साहेब, पंगत बसली हाये. तुमी उभ्यानं पाहून राहिले, देवाले कसं वाटन? बसा."

ठाणेदार तिवस्याकडील, रोडग्यांवर वाढलेले. टोपी काढून बसले. आणि पंगतीतून अर्ध्यावर उठणे म्हणजे यजमानास जोडा मारणे, हे ते जाणत. सबब बसले ते अडकले.

मग कामकाज पुढे चालिले. हात वर करावे तर सभा दिसते, याजकरिता मसलत ऐसी की, ज्यास मंजूर त्याने तूप मागावे. सुरैय्याबी अध्यक्ष: सर्वांनी तूप घेतले. पंजाबराव चिटणीस: सर्वांनी घेतले, खेरीज त्यांचे थोरले बंधू मोतीराम, ज्यांचे त्यांजशी धुऱ्याचे, म्हणजे शेताचे बांधाचे, भांडण, ते कोरडे जेविले. मग दवाखान्याचा दावा अखेरपर्यंत लढावा, हा ठराव वाढिला. मोतीरामांनीही तूप मागितले, आणि मग ठाणेदारसाहेबांनी पत्रावळ पुढे केली.

पंगत क्षणमात्र चावावयाची थांबली. सुरैय्याबींनी सढळ धार सोडिली आणि हळूच म्हणाल्या, "साहेब, तुमी मेंबर नाई. तूप घ्या, मत धरत नाई."

"मालूम हाये," ठाणेदार म्हणाले. "वाढा."

दुसरे दिवशी त्यांनी वर अहवाल लिहिला की, जमाव आढळला नाही, जेवण आढळले. ठराव नोंदणी कचेरीत दाखल जाहले, नोंदणी कायम राहिली, दाव्यास पुढील तारीख पडली. चैत्राचे अखेरीस जेबास त्याच दवाखान्यात कन्या जाहली. ठाणेदारसाहेबांची बदली अचलपुरी जाहली. बदलीचे कागदावर तुपाचा उल्लेख नाही.

येणेप्रमाणे फत्ते जाहली, आणि मंडळ पुढील आमसभेपर्यंत जिवंत आहे, म्हणोन लिहिले.