येमूल सरांचं तांबं

येमूल सरांची आणि माझी ओळख झाली ती त्यांच्या ओरडण्यामुळे. मी कॉलेजात नवाच लागलो होतो. स्टाफरूममधलं एक कपाट उघडलं आणि मागून आवाज आला, "हळू की हो! आत तांबं बसतंय!"

आत मुरंब्याच्या बरणीत, तळाशी निळे-हिरवे खडे चमकत होते. कॉपर अ‍ॅसिटेटचे स्फटिक. जरा हादरलं तरी ते वेडेवाकडे वाढतात, म्हणून सोलापूरच्या उन्हाळ्यात सर आम्हाला पंखासुद्धा लावू देत नसत. कुणी कुरकुरलं तर म्हणत, "तुम्ही घरी जाऊन आंघोळ कराल. यांना कोण आहे?"

त्यांचं म्हणणं असं : तांब्याचा अणू म्हणजे इवलासा चुंबक. या स्फटिकात ते दोन-दोन शेजारी बसतात आणि त्यांच्यात देवाणघेवाण चालते. गारवा मिळाला की एकाचं तोंड वर, दुसऱ्याचं खाली. दोघं मिळून चुंबकपणा मिटवून टाकतात. "भांडण नाही हो, समजूत आहे ती!" पण ती समजूत टिपणारं ईएसआर नावाचं यंत्र सोलापुरात कुठलं?

म्हणून एका मे महिन्यात मी त्यांच्यासोबत मुंबईला निघालो. कापसात गुंडाळलेले खडे बाटलीत, बाटली सरांच्या मांडीवर. कुर्डुवाडीला चढलेल्या शेतकऱ्यानं कौतुकानं विचारलं, "मोरचूद हाय व्हय? द्राक्षावर मारायचं?"

सरांनी बाटली दौंडपर्यंत रुमालाखाली झाकून ठेवली.

मुंबईत यंत्राच्या पेनानं कागदावर आधी झोकदार रेघ काढली. मग द्रव नायट्रोजननं खडा गार केला, तशी रेघ जवळजवळ सपाट झाली.

"नमुना खराब झाला तुमचा," यंत्रावरचे गृहस्थ म्हणाले.

मी कागद ओढून रेघ पुन्हा पाहिली. सरांची चार वर्षांची मेहनत! सर मात्र टाळ्या वाजवायला लागले. "खराब कुठला? जोडी जमली! परत तापू द्या की."

खडा तापला आणि रेघ उसळून परत आली. गृहस्थांनी चहा मागवला.

त्यावरचा निबंध परदेशी मासिकात छापून आला, तेव्हा मी पेढे घेऊन सरांच्या घरी गेलो. घरात सर आणि त्यांची आई, दोघंच. यंत्रमागांच्या खडखडाटात उभा जन्म काढून तिनं मुलाला शिकवलं होतं. आता तिला काहीच ऐकू येत नव्हतं. सर तिच्यासमोर जमिनीवर बसून, मासिक उघडून, तेलुगूत ओरडून सगळं समजावत होते. तिला कळेना, तेव्हा त्यांनी दोन्ही हात पुढे केले. एक तळवा उताणा, एक पालथा.

म्हातारीनं उताण्या तळव्याकडे पाहिलं. लगबगीनं आत गेली आणि त्यावर भाकरी आणून ठेवली.

सरांनी ती कोरडीच, शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली. मग हात पुसले आणि "अम्मा," म्हणत पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले.