आईकडे जाण्यासाठी यंत्राची निवड

आईच्या स्वयंपाकघराची खिडकी अडकली, म्हणून मला व्यायामाचं यंत्र विकत घ्यावं लागलं. या दोन गोष्टींचा संबंध काय, असं विचारणारे लोक आयुष्यात कधी जबाबदारीच्या पदावर बसलेले नसतात. मी बसलेलो आहे. एका मोठ्या कार्यालयाच्या खरेदी विभागाचा मी प्रमुख आहे, आणि कित्येक वर्षांत मी त्या खुर्चीतून विनाकारण उठलेलो नाही.

आई आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहते. आम्ही नवराबायको तळमजल्यावर. इमारतीला लिफ्ट नाही. पहिल्या मजल्याचे मालक परदेशी असतात आणि दुसऱ्या मजल्याला वर्षानुवर्षं कुलूप आहे, त्यामुळे जिना म्हटलं तर माझा आणि आईचाच. एका सकाळी तिचा फोन आला.

"अरे, खिडकी अडकलीय. सगळा धूर घरात कोंडतो. जरा वर ये आणि एक धक्का दे."

मी तत्काळ निघालो. पहिल्या वळणावर लक्षात आलं की श्वास आत जातोय, पण बाहेर यायचं नाव घेत नाही. पुढच्या वळणावर कुलूपबंद दारापाशी एक पालथी कुंडी होती, तिच्यावर बसलो. कुंडी फुटली. आवाज ऐकून वरून आईनं विचारलं, "आलास का रे?" मी म्हणालो, "येतोच आहे," आणि हळूहळू खाली उतरून घरी आलो.

डॉक्टरांनी मला तपासलं आणि म्हणाले, "वजन कमी करा. रोज चाला. जमेल तसा जिना चढा."

"कशानं?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"म्हणजे कोणत्या यंत्रानं?"

"पायांनी," डॉक्टर म्हणाले.

इतका मोघम सल्ला मी माझ्या विभागात कुणाला देऊ दिला नसता. क्षमता नाही, हमी नाही, विक्रीनंतरची सेवा नाही. नुसते पाय! मी डॉक्टरांचे आभार मानले आणि घरी येऊन निवड समिती नेमली.

आमच्या कार्यालयात समितीशिवाय टाचणीसुद्धा येत नाही. साहेबांसाठी पाठदुखीची खुर्ची घ्यायची ठरली तेव्हा आम्ही इतकी काटेकोर छाननी केली, की खुर्ची आली त्या दिवशी साहेबांच्या निवृत्तीचा समारंभ होता. त्यांनी त्याच खुर्चीत बसून हार घालून घेतला. खुर्चीत खोट मात्र कुणाला काढता आली नाही. तोच कस मी घरीही लावायचं ठरवलं.

वयानं मोठी म्हणून अध्यक्षपदी आई. सदस्य म्हणून बायको. आणि तज्ज्ञ म्हणून बायकोचा भाऊ, ज्याला सगळे पैलवान म्हणतात. शाळेच्या नाटकात त्यानं एकदा पैलवानाचं काम केलं होतं, तेही पडद्यामागून आरोळी ठोकण्याचं. पण त्याच्या घरी बाजारात निघालेलं प्रत्येक यंत्र आहे. डंबेलमुळे त्याचं दार वाऱ्यानं आपटत नाही, आणि व्यायामाच्या बाकावर त्याच्या घरचे पाहुणे झोपतात. ज्याला अनुभव आहे त्यालाच तज्ज्ञ म्हणतात.

मला जिना चढवत नसल्यामुळे बैठका आमच्याकडे ठरल्या. आई रोज संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरून उतरायची, अध्यक्षस्थानी बसायची आणि बैठक संपली की भाजीची पिशवी हातात घेऊन टकाटका वर जायची. तिच्या पायांचा आवाज मी खाली बसून ऐकत असे. या वयात तिला एवढं चढावं लागतं, या विचारानं मला फार वाईट वाटायचं. म्हणून मी बैठका आणखी वाढवल्या, म्हणजे निर्णय लवकर लागेल.

"खिडकीचं काय झालं?" आई प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला विचारायची.

"आई, तो विषय आजच्या बैठकीत नाही."

"अरे, बसत बसत ये. दमलास की थांब. वर मी पाणी भरून ठेवते."

"बिनायंत्राचा व्यायाम धोक्याचा असतो," पैलवान मध्येच म्हणायचा, आणि बशी पुढे ओढायचा.

पहिल्यांदा चालण्याचा पट्टा विचारात घेतला. त्यावर माणूस चालतो आणि पट्टा त्याला होता तिथेच ठेवतो.

"एवढं चालून पोचायचं कुठे?" बायकोनं विचारलं.

"कुठेच नाही. तीच तर खुबी आहे," पैलवान म्हणाला. "रहदारी नाही, ऊन नाही."

"मग बसूनच राहावं की," असं म्हणून बायको चहा टाकायला उठली. तिचा विरोध सौम्य होता, म्हणून मी तो नोंदवला नाही. सायकल मात्र मीच बाद केली. तिचं आसन पाहिल्यावर असं वाटलं की ती बनवणाऱ्यानं माणूस फक्त समोरून पाहिलेला असावा. वल्ही मारायचं यंत्र आईला दाखवलं, तर ती म्हणाली, "घरात होडी कशाला? नळाला पाणी येईना धड."

मग पैलवाननं त्याचा लाडका पट्टा आणला. हा पोटाला बांधायचा आणि बटण दाबून स्वस्थ बसायचं. तो आपल्या वतीनं थरथरतो आणि चरबीला काय समजावून सांगायचं ते सांगतो. मी तो बांधूनच एका बैठकीचं कामकाज चालवलं. माझ्या तोंडून निघालेला 'मंजूर' हा शब्द इतक्या तुकड्यांनी बाहेर पडला की आईला वाटलं मला थंडी वाजून आली. तिनं उठून माझ्या अंगावर पांघरूण घातलं. पट्ट्याचा गुण एवढाच आला, की त्या आठवड्यात मला झोप गाढ लागली.

बैठक म्हटली की अल्पोपहार आला. नियमच आहे तो. बिस्किटं, केक, तळलेलं काहीबाही, सगळं चर्चेच्या ओघात संपायचं. आई काही खायची नाही, बायको उठबस करायची, म्हणजे भार पडायचा तो माझ्यावर आणि पैलवानवर. शेवटी एक यंत्र जवळजवळ पसंत पडलं तेव्हा लक्षात आलं, की निवड सुरू झाल्यापासून माझं वजन वाढलंय आणि आता ते यंत्राला पेलणारं नाही. गरज बदलली की प्रक्रिया नव्यानं करावी लागते. आम्ही ती नव्यानं केली. अल्पोपहारही नव्यानं आला.

"आता मूळ मुद्द्याकडे या," एका संध्याकाळी बायको वैतागून म्हणाली. "अहो, तुम्हाला नेमकं करायचंय काय?"

"जिना चढून आईकडे जायचंय."

पैलवाननं मांडीवर थाप मारली. "भाऊजी, मग जिनाच घ्या!"

असं यंत्र खरंच निघालंय. चार पायऱ्या असतात, धरायला दांडे असतात, समोर पडदा असतो. आपण चढतो तशा पायऱ्या खाली सरकतात. समिती दुकानात गेली. विक्रेत्यानं आमचं स्वागत केलं आणि मला पाहून त्याचा चेहरा उजळला.

"यावर किती मजले चढता येतात?" मी विचारलं.

"साहेब, हवे तेवढे."

"आणि उतरायचं कसं?" आईनं विचारलं.

"आजी, उतरायचा प्रश्नच येत नाही. साहेब वर जातच नाहीत."

मला हे उत्तर अत्यंत समाधानकारक वाटलं. बायकोनं मात्र माझी बाही ओढली. "अहो, आपल्या दाराबाहेर जिना आहे. फुकट आहे."

"त्या जिन्याला वेग बदलायची सोय आहे का? त्यावर नाडी दिसते? उद्या त्याची एखादी पायरी बिघडली तर आपण कुणाला फोन करायचा?"

"त्या जिन्याला एक सोय आहे," आई म्हणाली. "वर मी असते."

विक्रेता हसला. मीही हसलो. आईला काहीतरी म्हणणार होतो, पण पैलवान यंत्राची लांबीरुंदी घेत होता आणि मला आकड्यांकडे लक्ष देणं भाग होतं. त्यानं यंत्र मापलं. घरी येऊन खोलीही मापली. दोन्ही मापं तंतोतंत जुळली. दाराचं माप घ्यायचं आमच्या अटींमध्ये नव्हतं.

यंत्र आलं त्या दिवशी हमालांनी ते दारापर्यंत आणलं, उभं करून पाहिलं, आडवं करून पाहिलं, आणि घाम पुसून म्हणाले, "साहेब, आमचं काम इमारतीच्या आत पोचवण्यापर्यंत. हे पोचलं." त्यांनी ते जिन्याच्या तोंडाशी टेकवलं आणि गेले. मागोमाग जोडणी करणारा तंत्रज्ञ आला. त्याचं काम यंत्र आहे तिथे जोडण्याचं. त्यानं एक बाजू भिंतीला आणि दुसरी कठड्याला भिडवून ते जमिनीत बोल्टांनी पक्कं केलं. बोटभरही फट राहिली नाही.

"मापात बसलं!" पैलवान ओरडला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्याचा एखादा अंदाज बरोबर आला होता. त्याला भरून आलं.

"आता हे हलवायचं झालं तर?" बायकोनं विचारलं.

"मॅडम, बोल्ट काढलात की हमी संपली," तंत्रज्ञ म्हणाला आणि हत्यारं गोळा करून गेला.

आई त्या वेळी वर चष्मा आणायला गेली होती. खाली आली तेव्हा तिच्या आणि आमच्या मध्ये यंत्र उभं होतं. तिनं त्याच्यावरून येऊन पाहिलं, पण यंत्र बंद असलं तरी पाय ठेवला की पायरी खचते. बायकोनं इकडून प्रयत्न केला, तीही होती तिथेच राहिली. मी रीतसर हरकती मागवल्या. पहिल्या मजल्याकडून आली नाही, दुसऱ्याकडूनही नाही. आईची हरकत तोंडी होती. लेखी हरकत तळमजल्यावर आणून द्यायची होती, आणि ती काही आली नाही.

आता व्यवस्था उत्तम लागली आहे. बायको यंत्रावरून हात लांब करून डबा देते, आई पलीकडून घेते. मी रोज सकाळ-संध्याकाळ चढतो. आई खऱ्या जिन्याच्या पायरीवर, माझ्या अगदी समोर, हातभर अंतरावर बसते. पूर्वी ती बैठकीपुरती भेटायची, आता रोज दोनदा भेट होते. असा मुलगा किती आयांना मिळतो?

"आलास का रे?" ती विचारते.

"येतोच आहे."

पडदा सांगतो की मी आईचं घर केव्हाच मागे टाकलंय. त्याच्यावरचे कित्येक मजले चढून झालेत. आईला मी मोठ्यानं आकडा वाचून दाखवतो, तेव्हा ती मान डोलावते. मध्ये एकदा तिनं हात पुढे करून माझ्या कपाळावरचा घाम पदरानं पुसला. त्या क्षणी मला भडभडून आलं. सगळं सोडून तिच्या पायरीवर जाऊन बसावंसं वाटलं. पण पडद्यावर नाडी वाढलेली दिसली, म्हणून मी वेग कमी केला आणि बरं वाटलं.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी मला तपासून पाठ थोपटली. "शाबास! वजन उतरलं, दम वाढला. आता खुशाल जिना चढा. आईला भेटून या."

"कोणता जिना?" मी विचारलं. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. त्यांना अजूनही यंत्रांतलं काही कळत नाही.

यंत्र काढून टाकावं, असं बायको म्हणते. पण काढलं तर हमी जाईल, व्यायाम बुडेल, वजन पुन्हा चढेल, आणि मग आईकडे जायचं कसं? खिडकी अजून अडकलेलीच आहे. तिच्यासाठी मी वेगळी समिती नेमली आहे, पण अध्यक्षांना खाली येता येत नसल्यामुळे तिची पहिली बैठक व्हायची आहे. परवा आईचा खोकला जिन्यातून बराच वेळ ऐकू येत होता. त्या दिवशी ती पायरीवर येऊन बसली नाही. मी मात्र चढायचं चुकवलं नाही.

तुम्ही हसताय, हे मला दिसतंय. खुशाल हसा. पण आमच्या विभागात तुलना केल्याशिवाय कुणालाही नावं ठेवता येत नाहीत, तेव्हा आधी जरा माहिती द्या. तुम्ही रोज कशावर धावताय? आणि तुमची आई कितव्या मजल्यावर राहते?